वर्धेकाठून प्राणहितेपर्यंत, साल १८५८

बल्लारपूर आहे तसंच राहू द्या, फक्त त्यातून कागद कारखाना काढून टाका. भोंगा नाही, वास नाही, रेल्वेचे रूळही नाहीत. मार्च १८५८. वर्धेच्या काठावर गोंड राजांच्या किल्ल्याच्या बुरुजाखाली तुम्ही उभे आहात. राजधानी कधीच चांद्याला गेली, तटावर झुडपं माजलीत. पलीकडचा काठ निजामाचा. अलीकडचा भोसल्यांचा होता, आता कंपनीचा. नदी एवढी आटलीय की एका राज्यात गुन्हा करून दुसऱ्यात जेवायला जाता येईल. जातातही लोक.

पूर्वेकडे चालू लागा. मोहाची फुलं पडायचे दिवस आहेत. उजाडायच्या आत बायामुलं टोपल्या घेऊन झाडाखाली वाकलेली दिसतील. कुणी 'जोहार' म्हटलं तर तुम्हीही म्हणा. चांद्याचा साहेब, कॅप्टन क्रिक्टन, याची ओळख मात्र सांगू नका. गावागावात दुसरंच नाव चाललंय: मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके. वय उणंपुरं २५. त्यांनी उभ्या केलेल्या जंगोम दलात गोंड आहेत, माडिया आहेत, रोहिलेही आहेत. राजगड परगणा त्यांनी ताब्यात घेतलाय, १३ मार्चला नांदगाव-घोसरीला कंपनीच्या फौजेशी गाठ पडलीय. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटरावही येऊन मिळालेत.

गढीसुर्ल्याचा डोंगर चढताना जपून. वर माणसं दगड रचताहेत, हाताएवढे नाहीत, दोघा-तिघांनी पहारीनं रेटावे लागतील असे. फौज निम्म्या चढावर आली की खालचा टेकू काढायचा. पहिला दगड सुटतो, झाडं मोडत जातो, आणि मग बराच वेळ नुसती धूळ दिसते. बंदुका कमी असल्या की डोंगरच कामाला लावावा लागतो.

घोट, सगणापूर, बामनपेठच्या चकमकी झपाट्यानं ओलांडा. २९ एप्रिलची रात्र गाठायची आहे. बल्लारपूरला पाहिलेलं वर्धेचं पाणी वैनगंगेला मिळून प्राणहिता झालंय. तिच्या काठी चिंचगुंडीला तारखात्याच्या माणसांचा तळ आहे. रात्री हल्ला होतो. तळावरचे गार्टलँड आणि हॉल मारले जातात, पीटर निसटतो आणि क्रिक्टनला जाऊन मिळतो.

क्रिक्टननं हे जंगल बंदुकीनं जिंकलं, असं मला वाटत नाही. बाबुरावांना धरून द्यावं म्हणून त्यानं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दाब टाकला. बाबुरावांच्या डोक्यावर १,००० रुपयांचं इनाम होतंच. आज लक्ष्मीबाईंना फितूर म्हणणं सोपं आहे. पण घटकाभर त्यांच्या वाड्यात बसून पाहा. एका सहीनं नागपूरचं राज्य खालसा होऊन चारच वर्षं झालीत. अहेरीला किती सह्या लागणार?

भोपालपट्टणमला बाबुराव एकदा सापडले, आणि निसटले. १८ सप्टेंबरला पुन्हा सापडले, तेव्हा मात्र सुटका नव्हती.

२१ ऑक्टोबर. चांद्याच्या तुरुंगात पिंपळाखाली तुम्हाला उभं राहवणार नाही, पण राहा. लोक सांगतात, दोर तीनदा तुटला. ताडोबा देवाच्या वरदानानं ते मरत नव्हते, म्हणून चुन्याच्या भट्टीत टाकलं. सरकारी कागदात फाशी, एवढंच. गावकऱ्यांना तेवढ्यानं भागलं नाही, हे मला समजतं.

लक्ष्मीबाईंना बक्षीस म्हणून ६७ गावं मिळाली. ती अडपल्ली-घोटची, म्हणजे व्यंकटरावांची होती. व्यंकटराव तोवर बस्तरच्या रानात होते. एप्रिल १८६० मध्ये बस्तरच्या राजानं त्यांना धरून इंग्रजांच्या हवाली केलं.