पाणलोटातले करारनामे: भोर-वेल्ह्यात प्रकल्पांचे लाभ कागदावर कसे आले

प्रकल्पाच्या करारनाम्यात त्याचा लाभ लिहावा लागतो. तो लाभ कोणाचा, कुठे पोचणारा आणि कशात मोजलेला, हे मात्र काळाप्रमाणे बदलत गेले. पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे (आता राजगड) या दोन डोंगरी तालुक्यांत हा बदल टप्प्याटप्प्याने पाहता येतो. नीरा, वेळवंडी, कानंदी, आंबी आणि मोसे या नद्यांवर इथे भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत आणि वरसगाव ही धरणे आहेत. त्यांचा एकत्रित साठा साठ टीएमसीच्या वर जातो. पुणे शहराचे पिण्याचे पाणी आणि बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसचा ऊस या डोंगरांवर पडणाऱ्या पावसावर उभा आहे. एवढे पाणी देणाऱ्या मुलखाचे जंगल, माती आणि झरे यांना करारांच्या कागदात जागा मिळायला शंभर वर्षे लागली.

लेखी राज्यकारभारात झाडांचा विचार मराठेशाहीतही होता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे तोडावे याचे नियम आहेत. साग हुजूरच्या परवानगीने तोडावा. आंबा आणि फणस उपयोगाचे असले तरी त्यांना हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर मालकाला राजी करून, द्रव्य देऊन तोडावे. राखलेल्या झाडाचा लाभ, मालकाची संमती आणि मोबदला या तिन्ही गोष्टी इथे एका ठिकाणी येतात. आजच्या संवर्धन कराराचा सांगाडाही याहून फार वेगळा नाही.

राजाराम महाराजांचे सचिव शंकराजी नारायण यांना मिळालेल्या या मुलखातून १६९७च्या सुमारास भोर संस्थानाचा पाया घातला गेला. राजगड, तोरणा, रोहिडा हे किल्ले आणि त्यांच्या पायथ्याची मावळे पंतसचिवांकडे राहिली. गावोगावच्या देवराया मात्र कोणत्याही सनदेवाचून टिकल्या. पानशेतच्या वरच्या अंगाला शिरकोलीची शिरकाई असो, की एखाद्या वाडीचा म्हसोबा असो, देवाच्या रानातली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही हा रिवाज होता. झरा देवराईत असल्यामुळे लाभ सगळ्या गावाला दिसत होता आणि तो लिहून ठेवण्याची कोणाला गरज वाटत नव्हती.

लाभ आकड्यांत मांडण्याची रीत कालव्यांबरोबर आली. १८७६-७८च्या दुष्काळानंतर नीरेच्या डाव्या कालव्याच्या कामाला गती आली. त्याला बारमाही पाणी मिळावे म्हणून वेळवंडी नदीवर भाटघरला दगडी धरण बांधले गेले. या तलावाला जे. ई. व्हाइटिंग या अभियंत्याचे नाव होते. पुढे त्याच ठिकाणी कितीतरी मोठे लॉईड धरण उभे राहिले आणि १९२८ साली त्याचे उद्घाटन झाले. आज भाटघरचा उपयुक्त साठा साडेतेवीस टीएमसी धरला जातो. धरणाची जागा भोर संस्थानात आणि कालव्याखालची जमीन बहुतांशी ब्रिटिश मुलखात, अशी इथली स्थिती होती. त्यामुळे हे काम संस्थान आणि मुंबई सरकार यांच्यातल्या व्यवहाराचा विषय झाले. अशा प्रकल्पांच्या अहवालांत लाभ म्हणून येत ते भिजणारे एकर, पाणीपट्टीचे उत्पन्न आणि दुष्काळात वाचणारा खर्च. तिन्ही गोष्टी धरणाच्या खालच्या अंगाच्या. वरच्या अंगाच्या खोऱ्यातली भातखाचरे, घरे आणि नदीकाठचे रान हे नुकसानीच्या रकान्यात जाई, तेही एकदाच देऊन संपणाऱ्या भरपाईच्या रूपाने.

शेजारच्या मुळशी खोऱ्यात, वेल्ह्याच्या उत्तर हद्दीला लागून, याच सुमारास वेगळ्या प्रकारचा लाभ मांडला गेला. टाटांच्या जलविद्युत योजनेसाठी जमिनी संपादित होत होत्या. १८९४च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे कंपनीसाठी जमीन घ्यायची तर कंपनीला सरकारशी करार करावा लागे. त्या कामाचा जनतेला कोणत्या अटींवर उपयोग होईल हे करारात लिहून तो राजपत्रात छापावा लागे. कायद्याने प्रकल्पाचा सार्वजनिक लाभ करारात लिहायला लावला तो असा. पाण्यावरच्या विजेने मुंबईच्या गिरण्यांचा कोळसा वाचेल हा योजनेच्या बाजूने केला जाणारा मोठा युक्तिवाद होता. धुराचा त्रास तेव्हा इतका वाढला होता की मुंबईसाठी १९१२ साली स्वतंत्र धूर-प्रतिबंधक कायदा करावा लागला होता. हवा स्वच्छ होणे हा खराच लाभ होता आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण तो मुंबईचा होता. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला तो या तफावतीवरच. करार कंपनी आणि सरकार यांच्यात झाला होता. ज्यांची जमीन जात होती ते त्यात पक्षकार नव्हते.

स्वातंत्र्यानंतर हीच मांडणी वेल्ह्यात पुढे चालू राहिली. आंबी नदीवरचे पानशेत धरण पुण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधले जात असतानाच १२ जुलै १९६१ रोजी फुटले. पुढे ते पुन्हा उभारले गेले, आणि मोसे नदीवर वरसगावही झाले. पुण्याच्या पुराची आठवण सर्वत्र आहे. पाणलोटातल्या जंगलाचे जे झाले त्याची आठवण फारशी कोणी काढत नाही. धरणासाठी खोऱ्यात रस्ता आला तोपर्यंत डोंगरावरच्या झाडाला लाकूड म्हणून गिऱ्हाईक नव्हते. हिरडा, आंबा, जांभूळ, ऐन ही झाडे फळासाठी, राबासाठी, सरपणासाठी उभी होती. रस्त्यामागोमाग कोळशाचे ठेकेदार आले. बुडिताखाली जमीन गेलेल्या, वर डोंगरात सरकलेल्या कुटुंबांना रोख पैशाची निकड होती. त्यांनी मालकी रानातली झाडे मिळेल त्या किमतीला विकली. रानातच भट्ट्या लागल्या आणि त्यांवर राबले बहुतेक कातकरी मजूर. उतार उघडे पडले, आणि ज्या तलावासाठी रस्ता झाला होता त्याच तलावात माती उतरू लागली. धरणाच्या अंदाजपत्रकात पाणलोटाच्या जंगलाला किंमत नव्हती, म्हणून त्याचे नुकसानही कुठे मांडले गेले नाही.

ही हकीकत नोंदली गेली ती माधव गाडगीळ आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्या कामामुळे. १९७०च्या दशकात दोघांनी सह्याद्रीतल्या देवराया पायी हिंडून पाहिल्या आणि त्यांवरचे निबंध १९७३ पासून प्रसिद्ध केले. उघड्या डोंगरावर उरलेल्या एखाद-दोन एकरांच्या राईत जुन्या वनाच्या वेली, औषधी वनस्पती आणि जिवंत झरा सापडतो, हे त्यांनी यादीनिशी दाखवले. गावाला ठाऊक असलेला लाभ प्रथमच शास्त्राच्या भाषेत कागदावर आला. पुढच्या करारांना आधार मिळाला तो या प्रकारच्या नोंदींचा.

कायद्याचा सूर १९८० नंतर बदलला. त्या वर्षीच्या वनसंवर्धन कायद्याने वनजमीन दुसऱ्या कामासाठी वापरायला केंद्राची मंजुरी आणि पर्यायी वनीकरण आवश्यक केले. १९९४च्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय आघात मूल्यांकन बंधनकारक झाले आणि २००६ साली ती नव्याने काढली गेली. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात वळवलेल्या जंगलाचे ‘निव्वळ वर्तमान मूल्य’ भरायला लावले. २००८ साली ठरलेले दर जंगलाच्या प्रतीनुसार हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये होते. झरा, माती, प्राणवायू आणि वनोपज यांचा लाभ रुपयांत लिहिला गेला. तरी हा हिशेब जंगल गेल्यावरचा. उभ्या जंगलाच्या मालकाला त्यातून काही मिळत नाही.

परवाना आणि प्रत्यक्ष यांतले अंतरही याच परिसरात ठळकपणे पुढे आले. वरसगावच्या जलाशयाभोवती, मुळशी आणि वेल्हे तालुक्यांत, लवासा हे डोंगरी शहर उभे राहू लागले. त्यासाठी जलाशयालगतची जमीन कृष्णा खोरे विकास महामंडळाने कराराने दिली होती. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची मंजुरी नसताना काम झाल्याचे ठरवून नोव्हेंबर २०१० मध्ये ते थांबवण्यात आले. नोव्हेंबर २०११ मध्ये अटी घालून पहिल्या टप्प्याला मंजुरी मिळाली. डोंगर आधीच कापला गेला असेल तर तपासणीसाठी मूळ स्थितीची नोंदच उरत नाही. अटी कितीही चांगल्या असल्या तरी कागदाचा क्रम चुकला की त्यांचा अर्धा उपयोग जातो, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले.

भोर-वेल्ह्यातला खरा पेच मालकी रानाचा आहे. इथले बरेचसे जंगल राखीव वन नाही. ते शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावरचे डोंगरपड आणि वरकस आहे. वृक्षतोडीवर १९६४च्या कायद्याचे नियंत्रण आहे, पण मालकाला परवानगी घेऊन झाडे विकता येतात. पुण्याजवळची जमीन म्हणून ती सेकंड होमच्या प्लॉटिंगलाही जाते. अशा जमिनीवर नुसती बंदी टिकत नाही. राखल्याबद्दल मालकाला काही द्यावे लागते. या विचारातून संवर्धन करार ही पद्धत आली. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने रत्नागिरीच्या संगमेश्वर तालुक्यात खासगी वनमालकांशी असे करार केले आहेत. तिथे धनेश पक्षी बेहड्याच्या जुन्या झाडांच्या ढोल्यांत घरटी करतात, आणि त्याच बेहड्याची फळे फेअरवाइल्ड प्रमाणपत्राखाली गोळा होऊन औषधी उद्योगाला जातात. झाड उभे राहिले तर पक्ष्याची जागा राहते आणि मालकाला दरसाल फळांचे पैसे मिळतात. बेहडा आणि हिरडा भोर-वेल्ह्याच्या रानातही आहेत, आणि मालकी रानाचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

असा करार चांगला की वाईट हे लाभ कसा लिहिला आहे यावर ठरते. ‘जंगलाचे संवर्धन होईल, पर्यावरणाला हातभार लागेल’ असे वाक्य कोणत्याही कागदात बसते आणि कोणालाच बांधून घेत नाही. उपयोगी करारात गट नंबर, चतुःसीमा आणि क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. सुरुवातीला ठरावीक मापाचे नमुना-चौकोन आखून त्यांतल्या प्रत्येक झाडाचा घेर छातीएवढ्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३ मीटरवर, टेपने मोजतात. जात, घेर आणि उंची वहीत उतरते, झाडाला क्रमांकाचा बिल्ला लागतो. काही वर्षांनी त्याच झाडांचा घेर पुन्हा मोजला की फरक दिसतो. वणव्याची जाळरेषा कोणी काढायची, सरपणाला वाळके लाकूड किती न्यायचे, जनावरे कोणत्या महिन्यात आत सोडायची, हप्ता कधी द्यायचा, मालक वारला किंवा जमीन विकली तर काय, हे सर्व मराठीत, मालकाला वाचून दाखवून लिहिलेले असावे लागते. सामाईक सातबाऱ्यावर दहा-बारा नावे असतात. त्यांतला मुंबईला राहणारा एक भाऊ सही करायचा राहिला तरी पुढे वाद होतो.

कार्बनच्या करारांनी या मोजमापाला बाजार दिला. क्योटो करार १९९७ साली झाला आणि २००५ पासून लागू झाला. त्यातल्या स्वच्छ विकास यंत्रणेखाली प्रत्येक प्रकल्पाला आपला पर्यावरणीय लाभ ठरलेल्या नमुन्यात लिहिणे भाग पडले. प्रकल्प नसता तर काय झाले असते, प्रकल्पामुळे किती टन कार्बन डायऑक्साइड वाचला, आणि इथली तोड शेजारच्या रानात तर गेली नाही ना, हे प्रश्न तेव्हापासून पक्के झाले. झाडाच्या घेरावरून त्याचे सुके वजन काढतात. त्याचा साधारण निम्मा भाग कार्बन असतो, आणि त्याला ३.६७ने गुणले की कार्बन डायऑक्साइडचे वजन येते. गणित सोपे आहे. अवघड भाग मुदतीचा आहे. तीस-चाळीस वर्षांच्या बांधिलकीत एक पिढी बदलते, आणि सही करणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती अनेकदा इंग्रजी मसुदाच असतो. कार्बन क्रेडिटचा भाव पुढे वाढला तर त्यातला वाटा मालकाला मिळेल की नाही, हे कलम सहीआधी पाहणे फार गरजेचे आहे.

जमिनीवर आधारलेल्या करारांत एक उणीव सगळीकडे राहते. रान राखणारे, सरपण आणि मध गोळा करणारे, वणवा विझवायला आधी धावणारे कातकरी बहुधा भूमिहीन असतात. सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून करारातही नाव नाही. यावर दोन कायद्यांनी वाट दिली आहे. २००२च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतींना जैवविविधता व्यवस्थापन समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या दिल्या. नोंदवही मन लावून केली असेल तर मूळ स्थितीचा पुरावा गावाच्याच कपाटात असतो. २००६च्या वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने वन, वन्यजीव, लगतचे पाणलोट क्षेत्र आणि जलस्रोत राखण्याचा अधिकार हक्कधारकांना आणि ग्रामसभेला दिला. सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावात ग्रामसभा स्वतः करारात पक्षकार होऊ शकते. अशा करारात राखणीची मजुरी वेगळ्या कलमात लिहिता येते, आणि ती सातबारा नसलेल्या कुटुंबाच्या खात्यावर थेट जमा करता येते.