कप कुणाविरुद्ध जिंकला?

पेण-रोह्याच्या पट्ट्यात मोहल्ल्यातली निम्मी मुले संध्याकाळी परदेशी क्लबांच्या जर्सीत दिसतात. पाठीवर मेस्सी, छातीवर बार्सिलोना किंवा रिअल माद्रिद. मध्यरात्री सुरू होणारी युरोपातली मॅच मोबाइलवर बघून हीच मुले सकाळी डोळे चोळत कॉलेजला जातात. ब्राझील आणि अर्जेंटिनाचे खेळाडू त्यांना तोंडपाठ आहेत. पण हे खेळाडू ज्या मातीत तयार झाले, तिथले सांतोस, फ्लामेंगो, बोका ज्युनिअर्स हे क्लब मात्र त्यांच्या गावीही नसतात. त्यामुळे क्लबांचा जागतिक कप आला की मुले मला विचारतात, ‘या कपासाठी तिकडचे लोक एवढे वेडे का होतात?’

प्रश्न रास्त आहे, कारण युरोपने हा कप फारसा मनावर घेतलेला नाही. १९६० साली युरोप आणि दक्षिण अमेरिका यांच्या विजेत्या क्लबांमध्ये इंटरकॉन्टिनेंटल कप सुरू झाला. सत्तरच्या दशकात आयाक्स, बायर्न म्युनिकसारख्या युरोपीय विजेत्यांनी काही वर्षी खेळायलाच नकार दिला आणि त्यांच्या जागी दुसरे संघ गेले. १९७५ आणि १९७८ साली तर स्पर्धाच झाली नाही. दक्षिण अमेरिकेतल्या सामन्यांमधली धसमुसळेगिरी हे त्यामागचे एक कारण होते, हेही मान्य केले पाहिजे. पण तिकडच्या चाहत्यासाठी हा वर्षातला सर्वांत मोठा दिवस असे. फ्लामेंगोने १९८१ साली टोकियोत लिव्हरपूलला ३-० हरवले, ती गोष्ट रिओमध्ये त्यानंतर जन्मलेल्यांनाही पाठ आहे. २०१२ साली योकोहामात कोरिंथियन्सने चेल्सीला १-० हरवले, तेव्हा साओ पावलोहून हजारो चाहते अर्धी पृथ्वी ओलांडून जपानला पोहोचले होते.

हे वेड समजून घ्यायला आपल्याला फार लांब जायची गरज नाही. रोह्यावरून वाहणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, तिथे एका तीरावर रेवदंडा आणि दुसऱ्या तीरावर कोर्लईचा किल्ला आहे. दोन्हीकडे पोर्तुगिजांची सत्ता होती, ती १७४० साली संपली. कोर्लई गावात आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलली जाते. त्याच पोर्तुगिजांनी ब्राझीलवर तीन शतके राज्य केले. तिथले सोने लिस्बनला नेले आणि आफ्रिकेतून गुलाम आणून उसाच्या मळ्यांत राबवले. आता ११ ऑक्टोबर १९६२ची रात्र डोळ्यांसमोर आणा. त्याच लिस्बनमध्ये ब्राझीलचा सांतोस क्लब युरोपचा विजेता बेनफिकाला ५-२ हरवतो आणि त्यातले तीन गोल पेले करतो, गुलामांच्या वंशातला एक काळा तरुण. ज्यांच्या राजधानीत आपली संपत्ती गेली, त्यांच्याच मैदानावर त्यांना मोजून पाच गोल. कपाची चांदी किती तोळे आहे, हे अशा रात्री कोण विचारतो?

आता मुंबईकडे वळू. १८९१ साली इथे रोव्हर्स कप सुरू झाला. कूपरेजचे मैदान म्हणजे रोव्हर्स कप, असे समीकरणच पुढे झाले. सुरुवातीची कित्येक वर्षे हा कप गोऱ्या पलटणींच्या आपसातला मामला होता. १९२३ साली कलकत्त्याच्या मोहन बागानला बोलावणे आले. तो संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. अखेर १९३७ साली कपावर पहिल्यांदा भारतीय संघाचे नाव कोरले गेले. तो संघ होता बंगलोर मुस्लिम्स. पुढच्या वर्षी त्यांनीच पुन्हा कप जिंकला. १९४० साली कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने रोव्हर्स तर घेतलाच, शिवाय त्याच वर्षी दिल्लीत रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला हरवून ड्युरंड कपही घेतला. याच क्लबने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकली होती.

मोहन बागानने १९११ साली अनवाणी खेळून आयएफए शील्ड जिंकली, ती गोष्ट राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात सांगितली जाते आणि ती सांगायलाच हवी. १९३७चा कप मात्र कुणी सांगत नाही. संघाच्या नावात ‘मुस्लिम’ आहे, एवढे त्याला पुरते. नाव जमातीचे म्हणून विजयही जमातीपुरताच, असा हिशेब होतो. तो काळ जमातवार संघांचाच होता. मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन असे क्रिकेट संघ एकमेकांविरुद्ध खेळत आणि महात्मा गांधींनी १९४० साली त्याविषयी नापसंती व्यक्त केली होती. ती टीका रास्तच होती. पण रोव्हर्स कपाच्या मैदानात दुसऱ्या बाजूला राज्यकर्त्यांची फौज उभी होती, हा फरक विसरता येणार नाही. आपल्यातलेही काही जण हा विजय फक्त ‘आपला’ म्हणून मिरवतात. तोही त्याचा संकोचच आहे. पलटणींच्या कपावर देशातल्या एका संघाने नाव कोरले, ते सगळ्या देशाचे होते.

या वादाचे उत्तर पुढे मैदानानेच दिले. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे हैदराबाद पोलिसांनी रोव्हर्स कप जिंकला. त्यांचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. हेच रहीमसाहेब १९६२ साली भारताचा संघ घेऊन जकार्ताला गेले. कप्तान चुनी गोस्वामी, बचावात जर्नेलसिंग, गोलरक्षक पीटर थंगराज, शिवाय युसूफ खान. ४ सप्टेंबरला या संघाने दक्षिण कोरियाला २-१ हरवून आशियाई सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी सांतोसने लिस्बन जिंकले. पुढच्याच वर्षी रहीमसाहेब कर्करोगाने गेले. त्यांच्यावर सिनेमा निघायला २०२४ साल उजाडले.

मग आपला रोव्हर्स कप कुठे गेला? गोऱ्या पलटणी १९४७नंतर गेल्या. त्यानंतरही कित्येक वर्षे कलकत्ता, हैदराबाद, गोवा आणि मुंबईतल्या गिरण्या-कंपन्यांच्या संघांनी कूपरेज गाजवले. पण ज्याला हरवायचे होते तो समोर राहिला नाही. पुढे गिरण्या बंद पडल्या, प्रेक्षक टीव्हीकडे वळले आणि २०००-०१नंतर स्पर्धाच थांबली. दक्षिण अमेरिकेचे तसे झाले नाही, कारण त्यांच्यासमोरचा प्रतिस्पर्धी दिवसेंदिवस बलाढ्यच होत गेला. पूर्वी सोने जात असे, आता अठरा-एकोणीस वर्षांची पोरे जातात. क्लब खेळाडू घडवतो, युरोप विकत घेतो आणि त्याच खेळाडूंच्या जोरावर कप जिंकतो. २०१२च्या कोरिंथियन्सनंतर दक्षिण अमेरिकेच्या एकाही क्लबला हा जागतिक मान मिळालेला नाही. म्हणूनच २०२५च्या जूनमध्ये बोटाफोगोने युरोपचा ताजा विजेता पॅरिस सेंट जर्मेन याला १-० हरवले, तेव्हा तो साधा साखळी सामना असूनही ब्राझीलमध्ये त्याचा केवढा उत्सव झाला.

रायगडात कबड्डीचा चषक आणणाऱ्या संघाची मिरवणूक निघते, तेव्हाही लोक आधी विचारतात, ‘फायनलला कोण होतं समोर?’ चषकाचे मोल त्या उत्तरावर ठरते. मोहल्ल्यातल्या मुलांनी मेस्सीची जर्सी जरूर घालावी. पण ती घालताना १९३७ साली कूपरेजवर कोण जिंकले आणि सय्यद अब्दुल रहीम कोण होते, एवढे त्यांना ठाऊक असावे. ते सांगण्याचे काम आपले आहे.