बीबीए करता करता कमाई: अप्रेंटिसशिपवाली डिग्री नेमकी असते कशी?

बारावीचा निकाल लागला की इन्स्टाग्रामवर एक ठरलेली जाहिरात फिरायला लागते. ब्लेझर घातलेली चार पोरं, मागे काचेची बिल्डिंग आणि खाली मोठ्या अक्षरात 'बीबीए करा, पहिल्या दिवसापासून कमवा'. कमेंटमध्ये दोनच प्रश्न असतात, 'फी किती?' आणि 'खरंय का हे?' पहिल्याचं उत्तर डीएममध्ये मिळतं. दुसऱ्याचं उत्तर जरा लांबचं आहे.

शिकता शिकता विद्यावेतन देणारी मॅनेजमेंटची डिग्री भारतात खरंच आहे आणि तिला कायद्याचा आधारही आहे. पण 'पेड', 'इंटर्नशिप', 'ट्रेनिंग', 'अप्रेंटिसशिप' हे शब्द जाहिरातींमध्ये एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. प्रत्यक्षात या गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पैसे थकले किंवा कामावर काही झालं तर तुम्हाला कोण विचारणार हे त्या फरकावर ठरतं.

आधी नावांचा घोळ सोडवू

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या बहुतेक पदवी अभ्यासक्रमांत 'ओजेटी', म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग आलंय. ते ४ क्रेडिटचं, साधारण १२० तासांचं असतं. तिथे पैसे मिळालेच पाहिजेत असा नियम नाही. ते अभ्यासक्रमातलं प्रॅक्टिकल समजायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे साधी इंटर्नशिप. कंपनीने एक ईमेल पाठवला, तुम्ही दोन-तीन महिने गेलात, ठरलेले पैसे मिळाले किंवा नाही मिळाले. सगळा कारभार त्या ईमेलमधल्या चार ओळींवर.

तिसरी, २०२४ मध्ये राज्य सरकारने आणलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, जी 'लाडका भाऊ' नावाने व्हायरल झाली. बारावी पासला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये, असे तिचे आकडे. पण शिक्षण सुरू असलेल्यांना ती योजना लागूच नाही. त्यामुळे 'बीबीए करा आणि सरकारी योजनेतून महिना इतके मिळवा' असं सांगताना कुणी या योजनेचं नाव घेतलं, तर तिथेच थांबा.

कमवा आणि शिका तर आपल्याकडे फार जुनी गोष्ट. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केलं ते याच तत्त्वावर. आजही विद्यापीठांमध्ये या नावाच्या योजना चालतात. पण ग्रंथालयात किंवा बागेत काम करून मिळणारं ते मानधन शिक्षणाचा खर्च भागावा म्हणून असतं, डिग्रीच्या क्रेडिटशी त्याचा संबंध नसतो.

उरली ती आपल्या विषयाची गोष्ट. तिचं पूर्ण नाव अप्रेंटिसशिप एम्बेडेड डिग्री प्रोग्राम, बोलताना एईडीपी.

एईडीपीमध्ये होतं काय?

यूजीसीने याची पहिली मार्गदर्शक तत्त्वं २०२० मध्ये काढली आणि २०२५ मध्ये ती नव्याने आणली. बीबीए, बीकॉम, बीए, बीएस्सी अशा नेहमीच्याच डिग्रीत काही सेमिस्टर कंपनीत काढायची, तिथल्या कामाचे क्रेडिट डिग्रीत धरले जातात आणि त्या काळात विद्यावेतन मिळतं. शेवटी हातात येते ती नियमित पदवी. एमबीएच्या सीईटीला किंवा स्पर्धा परीक्षेला ती कमी धरली जात नाही.

२०२५ च्या तत्त्वांनुसार तीन वर्षांच्या पदवीत कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त तीन सेमिस्टर कंपनीत घालवता येतात. चार वर्षांच्या पदवीत कमीत कमी दोन, जास्तीत जास्त चार. आता जाहिरातीतलं 'पहिल्या दिवसापासून' आठवा. तीन वर्षांत सहा सेमिस्टर, त्यातली जास्तीत जास्त तीन पगाराची. म्हणजे निम्मी डिग्री तरी घरच्या पैशावरच करायची आहे. हा हिशेब ॲडमिशन काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही.

जर्मनीत उलटं आहे

मॅनेजमेंट शिकता शिकता पगार हे मॉडेल ज्यांनी सगळ्यात नीट बसवलंय, त्यात जर्मनीतलं बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य वरच्या नंबरला. स्टुटगार्ट आणि मानहाइममध्ये १९७४ मध्ये अशा संस्था सुरू झाल्या, २००९ मध्ये त्यांचं मिळून एक विद्यापीठ झालं. तिथे साधारण तीन महिने वर्ग आणि तीन महिने कंपनी असं आलटून पालटून चालतं, आणि वर्गात बसता त्या महिन्यांचाही पगार मिळतो. पण खरा फरक वेगळाच आहे. तिथे आधी कंपनीशी करार होतो, मग कॉलेजात प्रवेश.

आपल्याकडे आधी प्रवेश आणि फी, मग कंपनी. तुम्ही पहिल्या वर्षाला पैसे भरता तेव्हा तिसऱ्या किंवा चौथ्या सेमिस्टरला कुठे जाणार हे बहुतेकदा कागदावर नसतं. 'आमचं टायअप आहे' हे वाक्य कागद नाही. म्हणून कॉलेजला विचारायचा पहिला प्रश्न हा: मागच्या बॅचची किती पोरं कोणत्या कंपनीत, कोणत्या कामावर होती, आणि त्यांचे करार पोर्टलवर नोंदवले होते का? तिसरा भाग सगळ्यात महत्त्वाचा.

पैसे किती? देतं कोण?

याचा पाया आहे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा, म्हणजेच अप्रेंटिसेस ॲक्ट. आयटीआयच्या पोरांमुळे हा कायदा आपल्याला माहीत असतो, पण बीबीएवाल्यालाही तोच लागतो. २०१९ च्या सुधारित नियमांत डिग्री अप्रेंटिससाठी किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये धरलं गेलं. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने सगळ्याच गटांत ३६ टक्के वाढीची शिफारस केली, म्हणजे ५,००० ते ९,००० चा पट्टा ६,८०० ते १२,३०० वर न्यायचा. तुमचा करार होईल त्या दिवशी पोर्टलवर जो किमान आकडा असेल तो तुमचा. कंपनी त्यापेक्षा जास्त देऊ शकते, कमी नाही.

हे पैसे देण्यात सरकारचाही हात असतो. शिक्षण मंत्रालयाची एनएटीएस नावाची योजना किमान विद्यावेतनाचा अर्धा भार उचलते, आणि तो भाग आता थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतो. म्हणजे ९,००० च्या हिशेबात ४,५०० सरकारकडून, ४,५०० कंपनीकडून. कौशल्य विकास मंत्रालयाची एनएपीएस ही वेगळी योजना, तिथे सरकारचा वाटा २५ टक्के आणि तोही जास्तीत जास्त १,५०० रुपये. पैसे दोन ठिकाणांहून येत असल्यामुळे गोंधळही दोन ठिकाणी होऊ शकतो. बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर सरकारी अर्धा भाग अडकतो आणि पोरगा कंपनीच्या एचआरशी भांडत बसतो.

९,००० गुणिले १८ महिने म्हणजे १ लाख ६२ हजार. ऐकायला बरं वाटतं. पण समजा परभणीहून पुण्याला आलेल्या मुलीला कंपनी हिंजवडीला मिळाली आणि कॉट बेसिसवरची खोली, मेस आणि बसपास मिळून महिना ८,५०० गेले, तर हातात राहतात ५००. मूळ पुण्यात घर असलेल्या मुलीला तेच ९,००० जवळपास पूर्ण उरतात. शिवाय ज्या सेमिस्टरला तुम्ही कॉलेजच्या वर्गात पाऊलही टाकत नाही, त्याची फी काही कॉलेजं पूर्ण घेतात. ती विचारा, आणि उत्तर फी-स्ट्रक्चरच्या कागदावर मागा.

कंपनीला यात काय मिळतं?

तीस किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, कंत्राटी माणसंही त्यात मोजली जातात. २०० जणांच्या कंपनीला किमान ५ घ्यावेच लागतात, ३० पर्यंत घेता येतात. त्यातच अप्रेंटिस हा कायद्याने 'कामगार' नाही, 'प्रशिक्षणार्थी' आहे. पीएफ नाही, ईएसआय नाही, ट्रेनिंग संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन नाही.

म्हणजे कंपनीच्या बाजूने बघितलं तर अर्ध्या पैशात मिळणारा, कॉलेजची शिस्त मागे असलेला माणूस. चांगली कंपनी यातून दोन वर्षांनी लागणारा असिस्टंट मॅनेजर घडवते. वाईट कंपनी काउंटरवरचा एक माणूस वाचवते. दोन्हीकडे करार सारखाच असतो, हीच अडचण आहे.

फरक दिसतो तो रोजच्या कामात. बीबीए रिटेलच्या विद्यार्थ्याने पहिले दोन महिने दुकानात उभं राहून माल लावला तर त्यात गैर काही नाही, तसं केल्याशिवाय स्टॉक का तुटतो ते कळत नाही. पण अकराव्या महिन्यातही तो मालच लावत असेल, इन्व्हेंटरीचं सॉफ्टवेअर, व्हेंडरची बिलं, ड्युटी रोस्टर यातलं काही त्याच्या हातात आलं नसेल, तर तो मॅनेजमेंट शिकत नाहीये. म्हणून ट्रेनिंगचा आराखडा आधी मागायचा: कोणत्या महिन्यात कोणता विभाग, मूल्यमापन कोण करणार, कॉलेजकडून कोणते सर किंवा मॅडम लक्ष ठेवणार. आणि हो, रिटेलमध्ये दिवाळी म्हणजे सीझन. सुट्ट्या कंपनीच्या नियमाने मिळतात, कॉलेजच्या नाही. घरी आधीच सांगून ठेवा.

टार्गेटचं काय?

मॅनेजमेंटच्या पोरांच्या बाबतीत सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. विमा, लोन, क्रेडिट कार्ड विकायला पाठवायचं आणि 'इतके फॉर्म भरले तरच स्टायपेंड' म्हणायचं. कायद्याचं कलम १३ यावर स्पष्ट आहे. अप्रेंटिसला नगावर पैसे देता येत नाहीत, आणि उत्पादनावरच्या बोनसच्या किंवा प्रोत्साहनाच्या योजनेत भाग घ्यायला भागही पाडता येत नाही. विक्री कशी करतात ते शिकवायला फील्डवर न्यायला हरकत नाही, पण विक्री झाली नाही म्हणून किमान विद्यावेतन कापणं चालत नाही. ओव्हरटाइमलाही अप्रेंटिसशिप ॲडव्हायझर या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागते. कामावर अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी कंपनीची.

हे सगळं लागू होतं ते करार या कायद्याखाली झालेला आणि पोर्टलवर नोंदवलेला असेल तरच. कंपनीच्या लेटरहेडवर 'ट्रेनी' लिहून दिलं म्हणून तुम्ही अप्रेंटिस होत नाही.

सहीच्या टेबलावर

करारात विद्यार्थी, कंपनी आणि कॉलेज अशा तिघांची नावं आहेत का ते बघा. तुम्ही १८ पूर्ण नसाल तर आई-वडिलांची किंवा पालकाची सही लागते. नोंदणी झाली की करारासाठी एक क्रमांक तयार होतो, त्याचा स्क्रीनशॉट स्वतःकडे ठेवा. ट्रेनिंगसाठी डिपॉझिट मागितलं किंवा ओरिजिनल मार्कशीट ठेवून घेतो म्हटलं तर सही करू नका. मध्येच सोडायचं असेल तर तेही समजून घ्या: कंपनीने अटी मोडल्यामुळे करार संपला तर भरपाई तुम्हाला मिळते, तुमच्या बाजूने मोडला तर प्रशिक्षणाचा खर्च तुमच्याकडून मागितला जाऊ शकतो. त्यामुळे रागाच्या भरात व्हॉट्सॲपवर 'मी उद्यापासून येत नाही' टाकण्याआधी कॉलेजला लेखी कळवा.

बीबीए आणि बीएमएस २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या कक्षेत आलेत आणि त्यासाठी राज्यात सीईटी होते. त्यानंतर काही कॉलेजांनी जुन्याच कोर्सचं नाव बदलून ते बीकॉममध्ये घेतलं. त्याने डिग्री खोटी ठरत नाही, पण मार्कशीटवर नेमकं कोणतं नाव येणार हे प्रवेशावेळीच विचारून घ्या.

बिनसलंच तर?

एनएटीएसखालच्या करारासाठी महाराष्ट्र आणि गोव्याचं काम मुंबईत सायनला असलेलं शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळ बघतं, ज्याला सगळे 'बोट' म्हणतात. पैसे थकले, काम भलतंच दिलं, करार मोडला, अशा वेळी वाद अप्रेंटिसशिप ॲडव्हायझरपुढे नेता येतो. लेबर कोर्टाच्या चकरा इथे कामाच्या नाहीत, कारण तुम्ही कामगार नाही. तक्रारीसोबत कराराचा क्रमांक, बँकेचं स्टेटमेंट आणि हजेरीचा पुरावा जोडा. ॲडव्हायझरचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांच्या आत परिषदेकडे अपील करता येतं.