बारकोड स्कॅनर, हातातला
वस्तूवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या वाचून तिचा क्रमांक संगणकाला कळवणारे यंत्र. बटण दाबले की पट्ट्यांवर उजेड पडतो. काळी पट्टी तो शोषते, पांढरी परतवते आणि त्या फरकातून आकडे ओळखले जातात. बारकोडच्या नेहमीच्या 13 आकड्यांतला शेवटचा पडताळणीचा. हिशेब जुळला नाही तर स्कॅनर गप्प. किंमत सहसा पट्ट्यांत नसते, ती दुकानाच्या संगणकातून येते.

अमेरिकेतल्या ट्रॉय गावी 26 जून 1974 रोजी च्युइंगगमचे पाकीट स्कॅन झाले, तिथून दुकानांतल्या बारकोडचा प्रवास सुरू झाला.

बियाण्याच्या पिशवीवरचा क्यूआर कोड मात्र साध्या लेझर स्कॅनरला वाचता येत नाही, कॅमेऱ्याचा लागतो. बियाण्यांच्या दुकानात पेरणीच्या गर्दीत स्कॅनरचा खरा फायदा दिसतो : बिल झटपट होते, विकलेला माल साठ्यातून आपोआप वजा होतो.