करुणाधारित गटोपचार

करुणाधारित गटोपचार : लाज व स्वतःला दूषणे देण्याची सवय यांमुळे, आणि आजारपणात किंवा साथीच्या काळातही, मनावर येणारा ताण हलका करण्यासाठी समदुःखी माणसांना एकत्र बसवून केला जाणारा मानसोपचार. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट हे या पद्धतीचे प्रवर्तक. गिल्बर्ट व स्यू प्रॉक्टर यांचा गटावरील प्राथमिक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन-दोन तासांच्या १२ बैठका झाल्या आणि शेवटपर्यंत टिकले ते सहा रुग्ण. त्यांची चिंता, नैराश्य व स्वतःला दूषणे देणे कमी झाले. पण एवढ्याशा संख्येवरून फार मोठा दावा करता येत नाही.

गिल्बर्ट भावनांच्या तीन यंत्रणा मानतात : धोका हेरणारी, काही मिळवण्यासाठी धावायला लावणारी आणि मन निवविणारी. साथीत पहिली अहोरात्र जागी असते. तिला शांत करण्यासाठी संथ श्वसन, मायेच्या माणसाची कल्पना असे सराव देतात. खरी कसोटी लागते ती अपराधभावापाशी. “माझ्यामुळे आईला कोरोना झाला,” असे कोणी म्हणाले, तर उपचारक त्याची समजूत घालत बसत नाही. “शेजाऱ्याने हेच सांगितले असते, तर त्याला काय म्हणाला असता?” असे विचारतो आणि तेच शब्द, त्याच आवाजात, स्वतःला म्हणायला लावतो. गटातली इतर माणसे मान डोलावतात, तेव्हा आपण एकटेच असे नाही हे पटते.

महाराष्ट्रात या गटोपचाराच्या जवळपास जाणारे एक उदाहरण अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या पारनेर तालुक्यातील भाळवणीचे. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, तत्कालीन आमदार नीलेश लंके यांच्या पुढाकाराने तेथे सुमारे १,१०० खाटांचे ‘शरदचंद्र पवार आरोग्य मंदिर’ हे कोविड केंद्र सुरू झाले. औषधोपचारांबरोबर योगासने, भजन-कीर्तन, गाणी असा दिनक्रम होता. लंके स्वतः रुग्णांत राहत. घरच्यांनाही जवळ येता येत नव्हते, त्या दिवसांत ही सोबत मोलाची होती. मात्र हा काही शास्त्रशुद्ध गटोपचार नव्हे. टाळमृदंगाने भीती ओसरते. अपराधभाव मात्र बोलून दाखवावा लागतो, आणि त्यासाठी आठ-दहा जणांचाच गट व प्रशिक्षित उपचारक हवा.

तीव्र नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार असल्यास केवळ गटावर विसंबू नये, मानसोपचारतज्ज्ञाला गाठावे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते.