पांढऱ्या तांदळाची कुळकथा

ऋषिपंचमीच्या उपासाला बैलाच्या कष्टाचे धान्य चालत नाही, म्हणून देवभात शोधतात. पाणथळीत आपोआप उगवणारे हे रानभात. रानभाताचा दाणा सोलला की लाल निघतो. शहापूर-मुरबाडच्या खाचरांत आज बहुतेक पांढरा तांदूळ पिकत असला, तरी त्याचे पूर्वज असेच लाल होते. पांढरा तांदूळ या कुळात मागाहून जन्मला.

लाली असते ती तूस काढल्यावर दिसणाऱ्या सालीत. गिरणीत पॉलिश मारले की ती कोंड्याबरोबर निघून जाते आणि लाल तांदूळही पांढरा दिसू लागतो. जन्मजात पांढऱ्या तांदळाची गोष्ट मात्र वेगळी. ती २००६ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी उलगडली. भाताच्या सातव्या गुणसूत्रावर ‘आरसी’ नावाचा जनुक आहे; सालीत लाली भरण्याचा हुकूम तो देतो. फार पूर्वी कुठल्या तरी रोपात त्यातली डीएनएची १४ अक्षरे गळाली. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो आणि १४ला तीनने भाग जात नाही. त्यामुळे पुढचा सगळा मजकूर बिघडला, हुकूम निघेना आणि दाणा पांढरा राहिला. जगातल्या जवळजवळ सगळ्या पांढऱ्या भातांत हीच १४ अक्षरांची गळती सापडते. ती जॅपोनिका गटात घडली आणि संकरातून आपल्याकडच्या इंडिका भातांत आली. शेतकऱ्यांनी पांढरा दाणा पाहिला, आवडला म्हणून बियाण्याला राखला आणि पिढ्यान्‌पिढ्या वाढवला. एवढे मोठे काम करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही, याची मला रुखरुख वाटते.

या निवडीत आणखी एक गोष्ट हातची गेली. हाच जनुक दाण्याला झोपही देतो. लाल दाणा पिकल्यावर काही काळ रुजायला तयार होत नाही. पांढऱ्यात ही झोप कमी. कापणीच्या तोंडावर परतीचा पाऊस कोसळला आणि भात आडवे झाले, की लोंबीतच कोंब फुटतात. हा घोर आपल्या भागात कुणाला सांगायला नको. म्हणूनच घरचे लाल वाण ज्यांनी राखले आहेत, त्यांच्याकडचे बियाणे मला फार मोलाचे वाटते.

मोडलेला जनुक क्वचित सांधलाही जातो. अमेरिकेत ‘वेल्स’ या पांढऱ्या वाणात लाल दाणे आढळले. २००८ मध्ये त्याचे कारण प्रसिद्ध झाले: त्या १४ अक्षरांच्या थोडे अलीकडचे आणखी एक अक्षर गळाले होते. गळालेली अक्षरे झाली १५, तीनने भाग गेला, आणि पुढचा मजकूर पुन्हा नीट वाचला जाऊ लागला.