क्रोटन की मोरपंखी? बागेसाठी कोणतं झाड निवडावं?

पावसाळा सुरू झाला की नर्सरीत गर्दी वाढते आणि दोन झाडं हमखास समोर दिसतात. एक म्हणजे लाल, पिवळ्या, केशरी पानांचं क्रोटन. दुसरी पंख्यासारख्या हिरव्यागार फांद्यांची मोरपंखी. दोन्ही बारमाही आणि सदाहरित. दोघांनाही फुलांसाठी नाही, तर पानांसाठीच घरी आणलं जातं. त्यामुळे अनेकांना वाटतं, की जे आवडेल ते उचलावं, निगा सारखीच असणार.

प्रत्यक्षात दोघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. क्रोटन बऱ्याच चुका माफ करतं, मोरपंखी सहसा करत नाही. हा फरक नेमका कुठे पडतो, ते पाहूया.

क्रोटन म्हणजे काय?

क्रोटनचं शास्त्रीय नाव कोडिअम व्हेरिगेटम. हे झाड एरंडाच्या कुळातलं आहे आणि मूळचं मलेशिया, इंडोनेशिया, उत्तर ऑस्ट्रेलिया व पॅसिफिक बेटांच्या उष्ण, दमट भागातलं. अरुंद, रुंद, पिळदार, ठिपक्यांची अशा कितीतरी प्रकारच्या पानांच्या जाती मिळतात. कुंडीत ते साधारण दोन-तीन फूट राहतं, जमिनीत आठ-दहा फुटांपर्यंत जाऊ शकतं.

नावामुळे एक गोंधळ होतो. जमालगोट्याचं शास्त्रीय नाव क्रोटन टिग्लियम आहे आणि 'क्रोटन ऑइल' नावाचं जहाल तेल त्याच्या बियांपासून निघतं. आपल्या बागेतलं क्रोटन त्याच कुळातलं असलं तरी वेगळं झाड आहे.

मोरपंखी म्हणजे काय?

लहानपणी वहीत 'विद्या' म्हणून जे पान ठेवलं जायचं, तीच ही मोरपंखी. शास्त्रीय नाव प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस. पूर्वी तिला थुजा ओरिएंटॅलिस म्हणत, म्हणून नर्सरीत आजही 'थुजा' हे नाव चालतं. ती मूळची चीन, कोरिया या भागातली. बीजिंग शहराच्या दोन अधिकृत वृक्षांपैकी ती एक आहे.

ही सायप्रसच्या कुळातली, म्हणजे शंकूधारी वनस्पती. तिला खरी फुलं येत नाहीत. छोटे, निळसर हिरवे, आकड्यासारखी टोकं असलेले शंकू येतात आणि त्यात बिया तयार होतात. मोरपंखी जोडीनेच लावावी असं अनेकदा सांगितलं जातं. मात्र नर आणि मादी शंकू एकाच झाडावर येतात, त्यामुळे झाडाच्या दृष्टीने जोडीची काहीच गरज नाही.

ऊन कोणाला किती लागतं?

क्रोटनच्या रंगांचा थेट संबंध उजेडाशी आहे. भरपूर उजेड मिळाला की लाल-पिवळी रंगद्रव्यं उठून दिसतात. सावलीत झाड जगतं, पण नवी पानं हिरवी येऊ लागतात. सकाळचं ऊन मिळणारी पूर्वेची बाल्कनी उत्तम. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात मात्र पानं करपतात, तेव्हा थोडी सावली द्यावी.

मोरपंखीला रोज किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं. ती घरात ठेवायचं झाड नाही. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवली तर ती आतून विरळ होत जाते.

पाणी आणि माती

क्रोटनला माती किंचित ओलसर आवडते. पाणी कमी पडलं की पानं लगेच मलूल होऊन खाली झुकतात. वेळेवर पाणी दिलं तर बहुतेक वेळा काही तासांत झाड सावरतं.

मोरपंखी एकदा रुजली की थोडी कोरड सोसते, पण मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. काळ्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत ती पावसाळ्यात दगावते. अशा ठिकाणी उंचवटा करून लावावी, मातीत वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळावं. कुंडी असेल तर खालचं भोक मोकळं आहे का ते पाहावं आणि खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

सर्वांत मोठा फरक कोणता?

नर्सरीतून आणल्यावर आठवडाभरात क्रोटनची खालची पानं गळू लागली, तर घाबरू नका. जागा बदलली, थंडी वाढली की ते असं करतं. खोड नखाने हलकं खरवडून पाहा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. अशा वेळी भरमसाट पाणी ओतू नये. उंच, बोडकं झालेलं क्रोटन निम्म्यापर्यंत छाटलं तरी खालून नवे फुटवे येतात.

मोरपंखीचं तसं नाही. तिची नवी वाढ हिरव्या टोकांवर होते. पानं नसलेल्या जुन्या लाकडापर्यंत फांदी कापली, तर तिथून सहसा पुन्हा पालवी फुटत नाही आणि ते भगदाड कायमचं राहतं. त्यामुळे दरवेळी फक्त हिरवी टोकं थोडी थोडी कापावीत.

दुसरी अडचण म्हणजे तिचा त्रास उशिरा कळतो. मुळं कुजली तरी फांद्या काही आठवडे हिरव्या दिसत राहतात. टोकं तपकिरी होईपर्यंत अनेकदा वेळ निघून गेलेली असते. आतल्या बाजूची थोडी जुनी पानं वाळणं नैसर्गिक आहे. बाहेरची टोकं वाळणं हे धोक्याचं लक्षण समजावं. विकत घेतानाही टोक बोटांत धरून पाहा. ते लवचीक हवं. चुरा होत असेल तर ते रोप घेऊ नका.

घरात लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर?

क्रोटनची फांदी तोडली की पांढरा चीक येतो. त्याने त्वचेची आग होऊ शकते. छाटणी करताना हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. चीक डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने डोळा धुऊन डॉक्टरांना दाखवा. मोरपंखीची पानंही खाण्याजोगी नाहीत. रांगणारं मूल किंवा पानं चावणारं कुत्रं-मांजर असेल, तर दोन्ही झाडं त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवा.

कीड आणि नवी रोपं

क्रोटनवर पिठ्या ढेकूण आणि कोरड्या हवेत लाल कोळी येतो. पानं ओल्या फडक्याने पुसणं आणि संध्याकाळी निंबोळी तेलाची फवारणी करणं उपयोगी पडतं. क्रोटनची नवी रोपं फांदीपासून किंवा गुटी कलमाने घरीच करता येतात. मोरपंखी बियांपासून येते, पण वाढ सावकाश असते.

मग निवड कशी करायची?

- बाल्कनीत अर्धा दिवसच ऊन येतं, रंग हवेत, पहिल्यांदाच झाड लावताय: क्रोटन.
- कोकणातली दमट हवा: क्रोटनला मानवते. मोरपंखी लावायची तर पाण्याचा निचरा चोख हवा.
- महाबळेश्वरसारखी थंड हवा: मोरपंखी. क्रोटन थंडीत पानं गाळतं.
- फाटकाजवळ भरपूर ऊन आहे आणि वर्षभर हिरवा, रेखीव आकार हवा: मोरपंखी.
- बाहेरगावी जाणं जास्त, पाणी घालायला कोणी नाही: जमिनीत रुजलेली मोरपंखी क्रोटनपेक्षा जास्त तग धरते.

जागा मोठी असेल तर मागे मोरपंखी आणि पुढे क्रोटन अशी मांडणी छान दिसते. फक्त दोघांना एकाच कुंडीत लावू नका, कारण एकाला लागणारा ओलावा दुसऱ्याच्या मुळांवर उठतो.

नर्सरीत जाण्याआधी एक दिवस आपल्या जागेत ऊन किती तास राहतं आणि पाणी टाकल्यावर ते किती वेळात जिरतं, एवढं पाहून ठेवा. कोणतं झाड आणायचं, याचं उत्तर त्यातूनच मिळेल.